चार मित्र, एक करार आणि एक वर्षाची मुदत

करार तीन वर्षांचा होता. तेवढा काळ फक्त अभ्यास करायचा. आठवड्यातून एक दिवस कडकडीत उपास, उरलेल्या दिवशी एकभुक्त राहायचं, रात्री तीनच तास झोपायचं आणि बाईचं तोंड पाहायचं नाही. शेवटचं कलम नुसतं सही करणाऱ्यांपुरतं नव्हतं. दरबाराच्या एक मैलाच्या आत कुठलीही बाई आली, तर तिची जीभ छाटायची, असं त्यात लिहिलेलं होतं. मन यांचं घसरणार आणि जीभ तिची जाणार! सही करणारे चौघे म्हणजे फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या नव्हार राज्याचा तरुण राजा आणि त्याचे तीन जिवलग: बिरून, लाँगव्हिल आणि ड्युमेन.

प्रकरण शेक्सपियरच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ या नाटकातलं आहे. त्याची आज हाती असलेली सर्वांत जुनी छापील प्रत 1598 सालची. हे नाटक ‘गेल्या नाताळात’ राणीसमोर झालं, असं तिच्या मुखपृष्ठावर म्हटलं आहे. कमिटमेंटला घाबरणाऱ्या मित्रांचे सिनेमे आपण मल्टिप्लेक्समध्ये बघतो, त्यांचा सगळा ऐवज इथे आहे. मित्रांची टोळी, ‘आपण कुणी अडकायचं नाही’ ही आण, मग मुली, मग एकमेकांपासून लपवाछपवी, मग भांडाफोड. त्या सिनेमांत शेवटी विमानतळावर धावाधाव होते आणि सगळं गोड होतं. इथे ते होत नाही. चौघांपैकी एकाचंही लग्न लागत नाही. ते का लागत नाही, एवढाच या टिपणाचा विषय.

आधी करार मोडला कसा ते बघू. तो सहीची शाई वाळायच्या आतच मोडला. बिरून सही करायला कुरकुरत होता. मी तर थट्टेत हो म्हटलं होतं, असं त्याचं म्हणणं. कागद वाचता वाचता त्यानेच राजाला आठवण करून दिली की फ्रान्सची राजकन्या वकिलातीवर निघाली आहे, तिच्याशी तुम्हाला स्वतः बोलावं लागणार. राजा म्हणतो, अरेच्चा, ते साफ विसरलोच! अ‍ॅक्विटेन प्रांताचा आणि लाखभर क्राउनच्या देण्याघेण्याचा वाद होता. एवढा मोठा राजकीय मामला हा गडी विसरला, कारण मित्रांबरोबर ब्रह्मचर्याचा मसुदा लिहीत बसला होता. मग तोडगा निघतो की निरुपाय म्हणून भेटायला हरकत नाही. त्यावर बिरून म्हणतो, हा निरुपाय तीन वर्षांत आपल्याला तीन हजार वेळा शपथ मोडायला लावेल. आणि एवढं बोलून तो सही करतो.

का करतो? माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या सहीत आहे. करारावर त्याचा विश्वास नाही, अभ्यासाची हौस नाही, उपास तर नकोच आहे. त्याला फक्त टोळीबाहेर पडायचं नाही. वसतिगृहात किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत राहिलेल्या कुणालाही ही सही ओळखता येईल. ‘पोस्ट निघेपर्यंत पोरींचं नाव नाही’ असं भिंतीवर लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याला पोरींची भीती असतेच असं नाही, त्याला खोलीतल्या बाकीच्या तिघांचा धाक असतो. आपल्याकडे ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या रामदासांची आख्यायिका सांगतात. पण ते एकटे गेले. मित्रांच्या सह्या गोळा करून गेले नाहीत.

करार तोडणारा पहिला आरोपी मात्र टोळीबाहेरचाच सापडतो. कॉस्टर्ड नावाचा गावरान गडी जॅकनेटा या गवळणीबरोबर पकडला जातो. जाहीरनाम्यात शिक्षा एक वर्ष कैदेची. राजा त्याला आठवडाभर कोंडा आणि पाण्यावर ठेवायचं फर्मावतो. कॉस्टर्डचा बचाव ऐकण्यासारखा आहे. जाहीरनाम्यात जो शब्द आहे ती ही नव्हेच, असं सांगत तो ‘पोरगी’, ‘कुमारी’, ‘कन्या’ असे एकेक शब्द टाळत जातो. वकिलालाही हेवा वाटावा. पुढे हीच शब्दांची कसरत राजा आणि त्याचे उच्चशिक्षित मित्र करतात, तेव्हा तिला तत्त्वज्ञान म्हणतात.

राजकन्या येते. तिच्याबरोबर तीन सख्या: रोझलाइन, मारिया, कॅथरिन. दरबारात बायकांना बंदी, म्हणून राजा या शाही पाहुण्यांना बाहेर मैदानात तंबू ठोकून देतो. पाहुणचाराचा हा प्रकार राजकन्या शेवटपर्यंत विसरत नाही. पुढे तो स्वतःच करार गुंडाळून ‘चला, आत महालात चला’ म्हणायला येतो, तेव्हा ती ठणकावते की मी या मैदानातच राहीन आणि तुमची शपथही राहू दे. शपथ मोडणारी माणसं देवालाही आवडत नाहीत आणि मलाही. राजाचा खुलासा काय, तर तुमच्या डोळ्यांच्या गुणाने माझी शपथ मोडली. चूक याची, गुन्हेगार तिचे डोळे. ती तिथल्या तिथे सुनावते की याला गुण म्हणू नका.

इथे एक ऐतिहासिक खोच आहे आणि ती तेव्हाच्या प्रेक्षकांना लगेच कळली असणार. नव्हारचा खरा राजा हेन्री त्या काळी चांगलाच गाजत होता. तो प्रॉटेस्टंटांचा पुढारी. 1589 मध्ये फ्रान्सचं राज्य त्याच्याकडे आलं आणि ते टिकवण्यासाठी 1593 मध्ये तो कॅथलिक झाला. इंग्लंडने त्याला सैन्य आणि पैसा पुरवला होता. तेव्हा ‘नव्हार’ आणि ‘शपथभंग’ हे दोन शब्द लंडनच्या रंगभूमीवर शेजारी आले की पिटातल्या माणसालाही चिमटा कळत असेल. बिरून हे त्याच्या एका खऱ्या सरदाराचं नाव. त्या बिरूनला राजद्रोहासाठी 1602 मध्ये मृत्युदंड झाला. ड्युमेन हे नाव ज्या माय्येनवरून आलं असं मानतात, तो तर हेन्रीचा कट्टर विरोधक होता. नाटकात मात्र सगळे जानी दोस्त. आणखी एक गंमत अशी की नाटकातल्या राजाचं नाव फर्डिनंड आहे, पण संवादांत ते कुणीच उच्चारत नाही. तो फक्त राजा किंवा नव्हार.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. चौथ्या अंकातला तिसरा प्रवेश. विनोदी प्रवेश कसा रचावा हे कुणाला शिकवायचं असेल, तर मी दुसरं उदाहरण शोधणार नाही.

बिरून एकटा येतो. हातात कागद. तो रोझलाइनच्या प्रेमात पडलाय आणि त्याने तिला कविता धाडलीय. चाहूल लागते, तो उंच जागी लपतो. राजा येतो, हातात कागद. इकडेतिकडे बघून राजकन्येवरची कविता वाचतो. चाहूल लागते, राजा लपतो. लाँगव्हिल येतो, हातात कागद. मारियावरची कविता. तोही लपतो. ड्युमेन येतो, हातात कागद. प्रेक्षकांच्या आता लक्षात आलेलं असतं की हे कुठे चाललंय, आणि तरीही चौथा कागद दिसला की हसू आवरत नाही.

मग उलट क्रमाने उलगडा सुरू होतो. ड्युमेनची कविता संपते न संपते तोच लाँगव्हिल पुढे येऊन त्याला झापतो, लाज नाही वाटत? राजा बाहेर येऊन दोघांना झापतो, आणि तू रे? तूही तेच केलंस, वर त्याला शिकवतोस? मग सगळ्यांच्या वरून बिरून खाली येतो आणि तिघांची हजेरी घेतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! काय तो आवेश! मी कधी कुणावर कविता केली? मी कधी उसासे टाकले? नेमक्या याच वेळी कॉस्टर्ड आणि जॅकनेटा एक चिठ्ठी घेऊन हजर होतात. निरोप्या कॉस्टर्डने दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती आणि बिरूनची कविता भलत्याच ठिकाणी पोचली होती. बिरून ती फाडून टाकतो. ड्युमेन तुकडे गोळा करतो. अक्षर बिरूनचं, खाली नावही बिरूनचंच.

रचना इतकी चोख आहे की तिच्या आत काय बोललं जातंय इकडे दुर्लक्ष होतं. लाँगव्हिलच्या हातात कागद दिसताच लपलेल्या राजाला पहिली भावना कोणती होते? राग नाही. हाही प्रेमात पडला असला तर बरं, लाजेत सोबत मिळेल! लाँगव्हिल स्वतःशी विचारतो, शपथ मोडणारा मीच पहिला का? ड्युमेन तर उघडच म्हणतो की राजा, बिरून, लाँगव्हिल हेही प्रेमात असते तर किती छान झालं असतं, कारण सगळेच चुकले की कुणीच चुकलेलं नसतं. प्रेमात पडलेले चार तरुण, आणि चौघांच्याही डोक्यात आपल्याला आवडणाऱ्या मुलीइतकंच ‘बाकीचे तिघे काय म्हणतील’ हे घोळतंय.

मला हे नाटक आधुनिक वाटतं ते या जागेमुळे. टोळीच्या साक्षीने प्रेम नाकारलं होतं, आता टोळीच्या साक्षीनेच ते स्वीकारायचं. ठराव बदलला, सभा तीच. गुपित फुटल्यावर ते पहिली गोष्ट कोणती करतात, तर बिरूनला म्हणतात, बाबा, तू बोलण्यात तरबेज, आपण शपथ मोडली नाही असं सिद्ध करून दे. एखादी पळवाट काढ. आणि बिरून नाटकातलं सर्वांत लांब, सर्वांत देखणं भाषण ठोकतो. स्त्रीचे डोळे हीच खरी पुस्तकं, हीच विद्यापीठं. आपण अभ्यासाची शपथ घेतली होती, मग खरा अभ्यास सोडून कसा चालेल? शपथ मोडणं हाच धर्म! भाषण सुंदर आहे, यात वादच नाही. पण ते कुणासाठी आहे बघा. ज्या चौघींचे डोळे विद्यापीठ म्हणून गौरवले, त्यांपैकी एकही तिथे नाही. रोझलाइनसाठी त्याने चार ओळी खरडल्या. मित्रांना मात्र महाभाषण दिलं.

तंबूत काय चाललंय? तिथे भेटवस्तू पोचल्या आहेत. राजकन्येला हिरे, मारियाला मोती, कॅथरिनला हातमोजे. सोबत कवितांची रद्दी. लाँगव्हिलचं पत्र अर्धा मैल जास्तच लांब आहे, असा मारियाचा शेरा. या मुली खट्याळ आहेत, पण नुसत्या खट्याळ नाहीत. थट्टा चालू असताना मध्येच कॅथरिनच्या बहिणीचा उल्लेख येतो. ती प्रेमापायी झुरून मेली. दोन-चार ओळींतच विषय सरतो. मला वाटतं, या मुलींना प्रेमाची किंमत आधीच माहीत आहे, हे सांगायला शेक्सपियरला तेवढ्या ओळी पुरल्या.

चौघे मित्र मागणी घालायला येतात ते रशियन माणसांचं सोंग घेऊन. प्रेम कबूल करायला जायचं आणि जाताना मुखवटे चढवायचे! राजकन्येबरोबर आलेला बॉयेट नावाचा सरदार ही बातमी आधीच तंबूत पोचवतो. मुलीही मुखवटे घालतात आणि भेटवस्तूंची आपसांत अदलाबदल करतात. ज्याने जी वस्तू दिली ती ज्या अंगावर दिसेल, तीच आपली, असं धरून चौघे आणाभाका घ्यायला लागतात. राजा रोझलाइनला जन्मभराचं वचन देतो. बिरून राजकन्येला. लाँगव्हिल आणि ड्युमेनचीही तीच गत. थोड्या वेळाने सोंग उतरवून परत आल्यावर राजकन्या राजाला विचारते, मघाशी हिच्या कानात काय बोललात? राजा शपथेवर सांगतो, या बाईला मी असं काही बोललोच नाही. मग रोझलाइन त्याने दिलेली खूण दाखवते. एका दिवसात दुसरी शपथ खोटी ठरली. आणि ही तर हिऱ्यांना वाहिलेली, आत कोण आहे हे न बघता.

बिरून शहाणा आहे, त्याला लगेच कळतं की आपली फजिती झाली. तो रोझलाइनसमोर गुडघे टेकल्यासारखा होऊन म्हणतो, आजपासून रेशमी शब्द बंद, अलंकार बंद, यापुढे घोंगडीसारखं साधंसुधं बोलेन. आणि हे सांगणाऱ्या वाक्यातच एक नखरेल फ्रेंच शब्द घुसवतो. रोझलाइन फक्त तेवढा शब्द उचलून त्याच्या हातात परत देते. सवय किती मुरलेली आहे, याचं याहून चांगलं निदान कुठल्या समुपदेशकाने केलं असतं असं मला वाटत नाही.

यानंतर गावकऱ्यांनी बसवलेलं एक हास्यास्पद नाटक सुरू होतं आणि चौघे मित्र त्यांची यथेच्छ टर उडवतात. ती टर मर्यादा सोडून होते. वाचताना चीड यावी इतकी. त्या खेळात काम करणारा बिचारा मास्तर हे सभ्यपणाचं नाही असं म्हणून निघून जातो. आणि या टिंगलटवाळीच्या ऐन भरात मार्काड नावाचा दूत येतो. तुमचे वडील, एवढंच तो बोलतो. बाकीचं राजकन्या स्वतःच ओळखते. फ्रान्सचा राजा गेला.

नाटकाचं तापमान एका ओळीत उतरतं. पाचव्या अंकाचा हा दुसरा प्रवेश नऊशेहून अधिक ओळींचा आहे, शेक्सपियरच्या सगळ्या प्रवेशांत सर्वांत लांब, आणि ही टवाळी आणि ही मृत्यूची बातमी, दोन्ही त्यातच एका दिवशी येतात. मुली निघायची तयारी करतात. आणि राजा, ज्याला बाप मेलेल्या मुलीशी कसं बोलावं हेही सुचत नाही, या घटकेला म्हणतो की आता शेवटच्या क्षणी तरी आम्हाला तुमचं प्रेम द्या. राजकन्येचं उत्तर मला सगळ्या नाटकात सर्वांत आवडतं. जन्मोजन्मीचा व्यवहार ठरवायला हा वेळ फारच थोडा आहे, असं ती म्हणते. तुमची पत्रं, भेटी, कविता आम्ही दरबारी मौज म्हणूनच घेतल्या. ड्युमेन कळवळून म्हणतो, आमच्या पत्रांत मौजेहून बरंच काही होतं. रोझलाइन उत्तरते, आम्ही ती तशी वाचली नाहीत.

मग निकाल. राजकन्या राजाला सांगते की तुमच्या शपथेवर माझा विश्वास नाही. जगापासून दूर एखाद्या उजाड मठीत एक वर्ष राहा. थंडी, उपास, जाडंभरडं कापड सोसूनही मन तेच राहिलं, तर वर्षाने या. रोझलाइन बिरूनला सांगते की तुझी जीभ लोकांना घायाळ करते. वर्षभर रुग्णालयात रोज जा, बोलताही न येणाऱ्या आजाऱ्यांना हसवून दाखव. बिरून हादरतो. मृत्यूच्या गळ्यातून हसू काढायचं? अशक्य! ती म्हणते, विनोदाचं यश ऐकणाऱ्याच्या कानात असतं, बोलणाऱ्याच्या जिभेत नव्हे. मारिया आणि कॅथरिन नुसतीच वर्षाची मुदत देतात.

या शिक्षांना बहुतेक जण प्रायश्चित्त म्हणतात. मला त्यात एक व्यवहारी हुशारी दिसते. मूळ करारातल्या गोष्टीच राजाला परत मिळाल्या आहेत: उपास, कष्ट, ब्रह्मचर्य. फक्त मित्र काढून घेतलेत. मठीत राजा एकटा. रुग्णालयात बिरूनच्या कोट्यांना टाळी द्यायला ड्युमेन नाही. त्याच्यासमोर असा श्रोता ठेवलाय, जो त्याच्या हुशारीने दिपत नाही, कारण तो मरणाच्या दारात आहे. प्रेक्षक नसताना हा माणूस कोण आहे, हे रोझलाइनला बघायचंय. लाँगव्हिल आणि ड्युमेन यांना असं काही नेमून दिलेलं नाही हे खरं, पण टोळीच फुटल्यावर त्यांचंही वर्ष फारसं वेगळं जाणार नाही.

एक माणूस मात्र या सगळ्यातून वेगळा निघतो. आर्माडो, बढाईखोर स्पॅनिश, जड शब्दांचा शौकीन, ज्याला सगळे हसतात. कॉस्टर्डची चुगली त्यानेच केली होती, कारण जॅकनेटा त्यालाही आवडत होती. भर खेळात बाहेर पडतं की तिला दिवस गेलेत, दोन महिने झालेत. नाटक जेमतेम दोन-तीन दिवसांचं आहे आणि पहिल्या अंकात तर ती कॉस्टर्डबरोबर सापडली होती, तेव्हा हा हिशेब कुणी करू नये. आर्माडो जाता जाता सांगतो की जॅकनेटासाठी तीन वर्षं नांगर धरायचा शब्द दिलाय. तीन वर्षं! करारातलाच आकडा. तो शब्द त्याने कुठल्या मित्राला विचारून दिलेला नाही.

बिरूनची शेवटची तक्रार तशी रास्त आहे. हे जुन्या नाटकांसारखं संपत नाही, जोड्या लागतच नाहीत, असं तो म्हणतो. राजा समजूत घालतो की एक वर्ष आणि एक दिवसाचाच तर प्रश्न आहे. बिरून म्हणतो, नाटकासाठी ते फार झालं.

प्रेक्षकांनाही ते फारच झालं असावं. 1605 च्या सुमारास हे नाटक दरबारात पुन्हा झालं, पण त्यानंतर 1839 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये होईपर्यंत त्याच्या प्रयोगाची नोंद मिळत नाही. ते पुन्हा रुळवण्यात मोठा हात पीटर ब्रूकचा. पुढे ‘महाभारत’ रंगभूमीवर आणणारा हाच ब्रूक. 1946 मध्ये स्ट्रॅटफर्डला त्याने हे नाटक बसवलं तेव्हा तो जेमतेम एकविशीचा होता, म्हणजे राजाच्या टोळीतल्या पोरांच्याच वयाचा.

आणि त्या वर्षानंतर काय झालं? 1598 मध्येच फ्रान्सिस मियर्स या तेव्हाच्या लेखकाने शेक्सपियरच्या नाटकांची जी यादी दिली, तीत या नाटकाच्या लगेच पुढे ‘लव्हज लेबर्स वन’ (Won, म्हणजे जिंकलेले) असं नाव आहे. तो पुढचा भाग होता की दुसऱ्याच एखाद्या नाटकाचं जास्तीचं नाव, यावर अभ्यासक भांडतात. 1953 मध्ये एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत 1603 सालची एका पुस्तकविक्रेत्याची यादी सापडली. तिच्यातही ते नाव आहे, म्हणजे नाटक छापून दुकानात आलं होतं. बिरून रुग्णालयात गेला का आणि एक तरी आजारी हसला का, हे त्या पानांत असेल तर असेल. प्रत मात्र अजून एकही मिळालेली नाही.